खलास म्हणजे काय झाले?

मुंबईत वाढलेल्या पुष्कळांनी जुहूला उतरलेल्या जपानी विमानाची गोष्ट घरी कधी ना कधी ऐकलेली असते. २४ सप्टेंबर १९७२ चा तो दिवस. लंडनहून टोकियोला निघालेले जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान वाटेत सांताक्रूझला उतरायचे होते. ते उतरले जुहूच्या लहानशा विमानतळावर. दोन्ही धावपट्ट्यांची दिशा जवळजवळ एकच, आणि अंतरही काही किलोमीटरचेच. जुहूची धावपट्टी एवढ्या मोठ्या जेट विमानाला पुरणारी नव्हती. विमान ती ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. सुदैवाने कोणी दगावले नाही, म्हणून आपण ही गोष्ट हसत हसत सांगू शकतो. त्याआधी १९५३ साली बीओएसीचे एक कॉमेट विमानही असेच चुकून जुहूला उतरले होते.

हसू ओसरल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात येते. उतरायची परवानगी नियंत्रकाने दिली होती आणि वैमानिकाने ती घेतली होती. दोघांच्या बोलण्यात विसंगती नव्हती. फरक होता तो दोघांच्या मनातल्या धावपट्टीत. एकाच्या मनात सांताक्रूझ होते, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे जुहू. रेडिओवरून शब्द पोचले, पण धावपट्टी पोचली नाही.

आपण मंगफ, अबू हलिफा, फहाहील भागातली माणसे. वर्षातून एकदा तरी मुंबईचे विमान धरणारी, आणि आईवडील येणार असले की विमानतळावर तासभर आधी जाऊन उभी राहणारी. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले, तेव्हापासून मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात चहाच्या वेळी विमान अपघातांचा विषय निघतोच. त्या अपघाताबद्दल मला काही सांगायचे नाही. पण त्या गप्पांमध्ये एक प्रश्न हटकून विचारला जातो: "चूक कोणाची?" मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, विमाने चालवणारा नव्हे. पण यंत्रे आणि माणसे एकमेकांशी कशी बोलतात, आणि ते बोलणे कुठे फसते, हेच माझे रोजचे काम आहे. त्या नात्याने हवाई वाहतूक नियंत्रणाच्या इतिहासातल्या, आपल्या माणसांशी आणि आपल्या भागाशी संबंध असलेल्या काही घटना येथे मांडत आहे. माझ्या स्वतःच्या एका चुकीकडे शेवटी येईन.

आकाशातील रस्ते

आधी थोडी पार्श्वभूमी. आकाशात रस्ते रंगवलेले नसतात, पण मार्ग ठरलेले असतात. एकाच मार्गावर समोरासमोर येणारी विमाने एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांना वेगवेगळ्या उंचीवर ठेवतात. दोन उंचींमध्ये पूर्वापार किमान १,००० फुटांचे अंतर राखले जाते. कोणी किती उंचीवर राहायचे हे जमिनीवर बसलेला नियंत्रक रेडिओवरून सांगतो. वैमानिकाने ती सूचना आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायची. याला रीडबॅक म्हणतात. आणि ते परत म्हटलेले बरोबर आहे की नाही, हे नियंत्रकाने कान देऊन ऐकायचे. लहानपणी आई दुकानात पाठवताना "काय आणायचंय, सांग पाहू परत" असे म्हणायची, त्यातलाच हा प्रकार.

रडार सर्वत्र येण्यापूर्वी नियंत्रकापुढे असायच्या त्या कागदाच्या पट्ट्या. प्रत्येक विमानाची एक पट्टी, तिच्यावर वैमानिकाने कळवलेली जागा, उंची आणि वेळ. विमान खरोखर कोठे आहे हे नियंत्रकाला दिसत नसे. वैमानिक सांगेल तेच खरे. वैमानिकाचा अंदाज चुकला, की नियंत्रकाच्या पट्टीवरही तीच चूक उतरायची, आणि मग दोघे मिळून एका खोट्या नकाशावर काम करायचे.

जुन्नरची टेकडी

याचे भीषण उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातच घडले. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर अलिटालियाचे एक डीसी-८ विमान मुंबईकडे येत होते. सिडनीहून निघून रोमला जाणारे हे विमान बँकॉकहून मुंबईला येऊन उतरायचे होते. पावसाळ्याची रात्र, खाली सह्याद्री. ते मुंबईला पोचलेच नाही. मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर, जुन्नर भागातल्या एका टेकडीच्या माथ्याजवळ ते आदळले आणि विमानातील सर्व ९४ माणसे मरण पावली.

चौकशीचा निष्कर्ष असा होता की वैमानिकाचा आपल्या जागेबद्दलचा हिशेब चुकला. आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून बरेच जवळ आलो आहोत असे त्याला वाटले, आणि म्हणून त्याने वेळेआधीच खाली यायला सुरुवात केली. जागेची खात्री करून घेण्याची जी साधने उपलब्ध होती ती वापरली गेली नाहीत, त्या भागासाठी ठरलेली किमान उंची पाळली गेली नाही, आणि खालच्या प्रदेशाची पुरेशी ओळखही नव्हती.

जुन्नरच्या बाजूला ट्रेकला गेलेल्या माणसाला हे वाचून नवल वाटेल. घाट ओलांडला की कोकण, आणि कोकण म्हणजे सपाटी, हे आपल्याला शाळेपासून माहीत. पण अंधारात आणि ढगात असलेल्या माणसाला घाट संपला की नाही हे कसे कळणार? त्याला ते आकड्यांवरूनच कळायचे. आणि आकडाच चुकला होता.

एका वाक्याचे दोन अर्थ

चार वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचे बोइंग ७०७ "कांचनजंगा" आल्प्स पर्वतात माँ ब्लां शिखराजवळ कोसळले. मुंबईहून निघून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा असे करत ते लंडनला जाणार होते. ११७ जण गेले. त्यांत डॉ. होमी भाभा होते. व्हिएन्नाला एका बैठकीसाठी ते निघाले होते. ट्रॉम्बेचे अणुकेंद्र आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था ज्यांच्या दृष्टीतून उभी राहिली, तो माणूस एका सकाळी नाहीसा झाला. साहजिकच आजही त्यामागे घातपात होता असे मानणारे लोक भेटतात. एवढा मोठा माणूस एवढ्या छोट्या कारणाने जातो हे मनाला पटत नाही.

पण फ्रेंच चौकशीत निघालेले कारण छोटेच होते. विमानातील दिशा आणि जागा दाखवणाऱ्या दोन उपकरणांपैकी एक बैरूतपासूनच बंद होते. वैमानिकाचा समज झाला की आपण माँ ब्लांच्या बाजूने पुढे सरकतो आहोत, आणि तसे त्याने जिनिव्हाला कळवले. जिनिव्हाच्या नियंत्रकाला रडारवर विमानाची खरी जागा दिसत होती. त्याने वैमानिकाची चूक ओळखली आणि माँ ब्लां अजून पाच मैल आहे अशा अर्थाचे वाक्य उच्चारून ती दुरुस्तही केली. निदान आपण दुरुस्त केली, असे त्याला वाटले. वैमानिकाने त्या वाक्याचा अर्थ वेगळा घेतला. शिखर मागे पडले, आता खाली यायला हरकत नाही, अशा समजुतीत त्याने उतरणे चालू ठेवले. चौकशी अहवालाने स्पष्ट म्हटले की, पुरेशा नेमक्या शब्दांच्या अभावी ही दुरुस्ती वैमानिकाला नीट समजली नाही.

विचार करा. नियंत्रक झोपलेला नव्हता, बेफिकीर नव्हता. त्याने चूक पकडली होती. पण "तुम्ही चुकला आहात, खाली येऊ नका" असे न म्हणता त्याने फक्त एक अंतर सांगितले. सभ्य माणूस दुसऱ्याची चूक जशी आडून सुचवतो, तसे काहीसे. जवळपास त्याच ठिकाणी एअर इंडियाचेच "मलबार प्रिन्सेस" नावाचे विमान नोव्हेंबर १९५० मध्ये कोसळले होते. त्यात ४८ जण गेले होते.

संगणकांच्या जाळ्यात दोन यंत्रे बोलताना एक यंत्र माहिती पाठवते आणि दुसरे "मिळाली" अशी पोच देते. पोच आली नाही तर माहिती पुन्हा पाठवली जाते. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मी एक गोष्ट आवर्जून सांगत असे: ही पोच अक्षरे मिळाल्याची आहे, अर्थ कळल्याची नव्हे. माणसांच्या बाबतीत आपण हा भेद विसरतो. "रॉजर" म्हणजे ऐकले. समजले, असा त्याचा अर्थ होत नाही.

चरखी दादरी

आता आखातात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सर्वांत जवळचा अपघात. १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. सौदी अरेबियन एअरलाइन्सचे बोइंग ७४७ सहा वाजून बत्तीस मिनिटांनी दिल्लीहून धाहरान आणि जेद्दासाठी निघाले. विमानात ३१२ माणसे होती. प्रवाशांत बहुसंख्य भारतीय, आणि त्यांतले कितीतरी सौदीत कामाला असलेले वा कामावर निघालेले. सुट्टी संपवून परत जाणारा माणूस विमानात कसा बसलेला असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

समोरून कझाकस्तानचे इल्यूशिन-७६ विमान ३७ जणांना घेऊन शिमकेंटहून दिल्लीला येत होते. त्या काळी दिल्लीच्या आसपासचा मोठा हवाई प्रदेश वायुदलाकडे राखीव होता. त्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना एकच मार्ग होता. एकाच अरुंद रस्त्यावर दोन्हीकडची वाहतूक, मधे फक्त उंचीचे अंतर. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबवले होते. कझाक विमानाला १५ हजार फुटांपर्यंतच उतरायला सांगितले होते. आपण १५ हजारांवर आलो आहोत असे कझाक विमानाने कळवले. नियंत्रकाने तीच उंची राखायला सांगितले आणि समोरून सौदी बोइंग येत आहे, दिसले की कळवा, असेही सांगितले. किती मैलांवर आहे, असे उलट विचारले गेले. नियंत्रकाने अंतर सांगितले, समोरच्या विमानाची उंचीही सांगितली. "पाहतो आहोत" असे उत्तर आले. त्यानंतर दोन्ही विमाने रडारच्या पडद्यावरून गेली. हरियाणातील चरखी दादरी परिसरातल्या शेतांत अवशेष पडले. सर्व ३४९ जण मरण पावले. आकाशात दोन विमानांच्या टकरीत इतकी माणसे त्याआधी कधी गेली नव्हती आणि त्यानंतरही गेलेली नाहीत.

चौकशी न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्याकडे होती. हेच लाहोटी पुढे २००४ साली भारताचे सरन्यायाधीश झाले. कझाक विमान १५ हजार फुटांवर थांबले नाही, परवानगीशिवाय आणखी खाली आले, हे टकरीचे मूळ कारण म्हणून नोंदले गेले. पण ते का खाली आले, याचे उत्तर कोणा एका माणसाच्या डोक्यात नव्हते. चालक पथकाचे इंग्रजी कच्चे होते आणि नियंत्रकाच्या सूचनांचा अर्थ चुकीचा लावला गेला. शिवाय रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे. रेडिओ ऑपरेटरला स्वतःचा उंचीमापक नव्हता. पुढच्या दोघांच्या खांद्यांवरून डोकावून त्याला आकडा पाहावा लागे. नियंत्रकाशी "१५ हजार" असे बोलत होता तो एक, आणि उंची ज्याच्या हातात होती तो दुसरा. अगदी शेवटी, आपण चुकीच्या उंचीवर आहोत हे ध्यानात आल्यावर, वर चढण्याची घाई झाली, आणि ती चढण समोरून येणाऱ्या विमानाच्या वाटेवरच होती. त्यात भर म्हणजे सोव्हिएत परंपरेतली ही मंडळी मीटरमध्ये विचार करणारी, आणि दिल्लीच्या सूचना फुटांत.

आणि नियंत्रक? त्याच्यासमोरच्या रडारवर विमानांची जागा दिसत होती, उंची दिसत नव्हती. उंची दाखवणारे दुय्यम रडार दिल्लीत तेव्हा वापरात आले नव्हते. म्हणजे उंचीच्या बाबतीत १९९६ सालचा दिल्लीचा नियंत्रक १९६२ सालच्या कागदी पट्टीवाल्या नियंत्रकाच्याच जागी होता: समोरचा सांगेल ते खरे. त्याने सूचना बरोबर दिल्या होत्या, आणि चौकशीत दोष त्याच्यावर आला नाही. परंतु सूचना बरोबर असूनही ३४९ माणसे गेली, हेच मला महत्त्वाचे वाटते. एका माणसाच्या कानावर आणि दुसऱ्याच्या जिभेवर सारा भार टाकणारी व्यवस्था, दोघांनी आपापले काम केले असे वाटत असतानाही कोसळू शकते.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. दिल्लीत येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे झाले. दुय्यम रडार आले. टक्कर टाळण्याचा इशारा देणारी यंत्रणा भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीची झाली. १९९८ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रक यांच्या इंग्रजीचा प्रश्न हाती घेतला, आणि २००८ पासून त्यासाठी किमान पातळीचा नियम लागू झाला. आपण आज मुंबईला जाताना जे सुरक्षित वाटते, त्यातला काही भाग त्या शेतांतून आलेला आहे.

न पोचलेला निरोप

आतापर्यंतच्या घटनांत निरोप पोचला, अर्थ हुकला. कुवेतमध्ये घडलेली एक घटना याच्या उलट आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी पहाटे ब्रिटिश एअरवेजचे १४९ क्रमांकाचे विमान कुवेतला उतरले. लंडनहून निघालेले हे विमान पुढे मद्रास आणि क्वालालंपूरला जायचे होते. ते उतरले तेव्हा इराकी सैन्य सीमा ओलांडून आत आलेले होते. साडेतीनशेहून अधिक प्रवासी अडकले. त्यांतल्या अनेकांना ओलीस धरून महत्त्वाच्या ठिकाणी मानवी ढाल म्हणून ठेवले गेले. विमानही पुढे धावपट्टीजवळ नष्ट झाले.

हा हवाई नियंत्रकाचा दोष नव्हे, पण समन्वयाचा हा धडा तोच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारने जुनी कागदपत्रे खुली केली, तेव्हा कळले की सैन्य सीमा ओलांडत असल्याची सूचना कुवेतमधील ब्रिटिश राजदूताने विमान उतरण्यापूर्वीच लंडनला दिली होती. ती सरकारच्या काही खात्यांपर्यंत पोचलीही होती. ज्या कंपनीचे विमान हवेत होते, त्या कंपनीला मात्र कोणी कळवले नाही. एकतीस वर्षांनी ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत दिलगिरी व्यक्त केली. प्रत्येक टेबलावरच्या माणसाला वाटले असेल की हे सांगणे दुसऱ्या कुणाचे काम आहे. कार्यालयात काम केलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्याच वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एअर इंडियाने अम्मानहून ४८८ फेऱ्या करून लाखाहून अधिक भारतीयांना घरी नेले. आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदांपैकी काही त्यांतले. परक्या देशातला विमानतळ, हातात धड कागद नसलेली माणसे, रोज बदलणाऱ्या परवानग्या, आणि तरीही ते जमले. म्हणजे समन्वय हा नशिबाचा भाग नाही. तो मनावर घेऊन करावा लागतो.

शिक्षा की शिकवण

आता त्या मूळ प्रश्नाकडे येऊ: चूक कोणाची? १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर टीडब्ल्यूएचे ५१४ क्रमांकाचे विमान आदळले आणि ९२ जण मरण पावले. नियंत्रकाने उतरण्याच्या मार्गाला मंजुरी दिली होती. वैमानिकाने त्याचा अर्थ "आता खाली यायला हरकत नाही" असा घेतला. नियंत्रकाच्या समजुतीप्रमाणे डोंगर टाळण्याची जबाबदारी वैमानिकाची होती. चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. सहाच आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच गैरसमजाने त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचले होते. त्या वैमानिकांनी ते आपल्या कंपनीला प्रामाणिकपणे कळवले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. पण ही बातमी त्या एका कंपनीच्या भिंतींबाहेर गेली नाही.

यातून १९७६ साली अमेरिकेत एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिकाने वा नियंत्रकाने आपली चूक स्वतःहून लिहून पाठवायची. पत्रे जातात ती परवाने देणाऱ्या खात्याकडे नव्हेत, तर नासाकडे. नाव काढून टाकले जाते, आणि हेतुपुरस्सर केलेला गुन्हा वा अपघात नसेल तर अशी चूक सांगणाऱ्याला शिक्षेपासून संरक्षण मिळते. पुढे इतर देशांतही अशा व्यवस्था आल्या. शिक्षेची भीती असेल तर माणूस चूक लपवतो, आणि लपलेली चूक दुसऱ्या कोणाचा तरी जीव घेते, हे विमानांच्या जगाने फार मोठी किंमत देऊन शिकले.

उलट बाजूही पाहा. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत ऊबरलिंगेनवर दोन विमानांची टक्कर होऊन ७१ जण गेले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. झुरिकच्या कक्षात त्या वेळी एकच नियंत्रक दोन जागांचे काम पाहत होता, आणि दुरुस्तीमुळे मुख्य टेलिफोनही बंद होता. विमानातल्या यंत्रणेने रशियन विमानाला "वर जा" सांगितले, नियंत्रकाने "खाली या" सांगितले. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. दीड वर्षाहून अधिक काळाने, बायको आणि दोन मुले गमावलेल्या एका बापाने त्या नियंत्रकाला त्याच्या घरी जाऊन ठार मारले. बापाचे दुःख कोण नाकारील? पण त्या रात्री एकाच माणसाला तेथे बसवणारे, फोन बंद असताना पर्यायी सोय न ठेवणारे, "यंत्र आणि माणूस वेगळे सांगू लागले तर कोणाचे ऐकावे" हे जगभर एकाच ठाम शब्दांत लिहून न ठेवणारे, हे सारे त्या एका दारामागे नव्हते.

हा जुना इतिहास आहे असे म्हणावे, तर २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये एक प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण गेले. तेथेही एकच नियंत्रक हेलिकॉप्टर आणि विमाने अशी दोन्ही कामे सांभाळत होता. विमानाच्या मागून जाण्याची त्याची सूचना हेलिकॉप्टरला पूर्ण ऐकू गेली नसावी, कारण नेमके त्याच क्षणी हेलिकॉप्टरमधून बोलण्याचे बटण दाबले गेले होते, असे तपासात पुढे आले. एका सेकंदाहूनही कमी वेळ, आणि एक-दोन शब्द.

माझा खलास

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी येथील एका संस्थेत जुनी संगणक प्रणाली बंद करून नवी सुरू करण्याच्या कामावर होतो. रात्रीचे दोन वाजले होते. जुनी प्रणाली बंद करण्याचे काम दुसऱ्या इमारतीत बसलेल्या माझ्या एका इजिप्शियन सहकाऱ्याकडे होते. मी फोनवर विचारले, "झाले का?" तो म्हणाला, "खलास." मी नवी प्रणाली सुरू केली.

आपला मराठी खलास म्हणजे संपले, कारभार आटोपला. येथे राहून आपणही भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी "खलास" म्हणतो. पण अरबी माणसाचा खलास बहुरंगी असतो. झाले, पुरे, ठीक आहे, आता राहू दे, यांतला कोणताही अर्थ त्यात असू शकतो. त्याला म्हणायचे होते, "ठीक आहे, आता करतो." जुनी प्रणाली चालूच होती. दोन्ही प्रणाली एकाच नोंदींवर लिहीत राहिल्या, आणि सकाळपर्यंत हिशेबाचा असा गुंता झाला की तो सोडवायला आम्हाला तीन दिवस लागले. कोणाचा जीव गेला नाही. पैशांचे नुकसान मात्र झाले.

वरून विचारणा झाली: चूक कोणाची? अहवाल मी लिहिला. "जुनी प्रणाली बंद नसताना बंद असल्याचे कळवण्यात आले," असे एक वाक्य मी त्यात घातले. ते खोटे नव्हते. पण काय विचारायचे आणि काय उत्तर द्यायचे याचे ठरावीक शब्द आम्ही आधी ठरवले नव्हते, हे मी लिहिले नाही. जुनी प्रणाली खरेच बंद आहे का, हे माझ्या पडद्यावर दिसण्याची सोय मीच केली नव्हती, हेही लिहिले नाही. अहवालात एक कारण हवे होते, ते मी दिले. चार महिन्यांनी त्याचे कंत्राट वाढवले गेले नाही. इकामा संपत आला, मुलांची शाळा अर्ध्या वर्षात सोडवून तो कैरोला परत गेला. त्या एका वाक्यामुळेच हे झाले असे कोणी मला म्हटले नाही. जाताना तो मला भेटायला आला, मिठी मारली आणि म्हणाला, "खलास, या मुहंदिस." त्या खलासचा अर्थ झाले-गेले विसरून जा असा होता, की आपले संपले असा होता, हे मी त्याला विचारले नाही. परत म्हणून घ्यायची सवय मला तेव्हाही लागली नव्हती.

नंतर मी विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचू लागलो. चांगल्या अहवालात "कोणी केले" हे एका परिच्छेदात संपते, आणि "असे का होऊ शकले" यावर पाने खर्च होतात. जिनिव्हाचा नियंत्रक, दिल्लीचा नियंत्रक, तो कझाक रेडिओ ऑपरेटर, आणि दोन वाजता फोनवर बोललेले आम्ही दोघे, या सगळ्यांना आपण बोललो आणि समोरच्याला कळले असेच वाटले होते. हे वाटणे माणसाच्या स्वभावातच आहे, ते शिक्षेने जात नाही. ते धरूनच व्यवस्था उभारावी लागते: ठरलेले शब्द, परत म्हणून घेणे, दुसऱ्या डोळ्याने पाहण्याची सोय, आणि "मला समजले नाही" असे कनिष्ठालाही न घाबरता म्हणता येईल असे वातावरण.

आपल्याकडे मोठ्यांना उलट विचारणे उद्धटपणाचे समजतात. साहेबांनी सांगितले, आपण मान डोलावली. येथे आखातात तर चार भाषांची खिचडी, आणि नोकरीची टांगती तलवार. म्हणूनच ही सवय आपल्याला अधिक हवी. आता माझ्या कामात रात्री बदल करायचा असला की आम्ही "खलास" हा शब्द वापरत नाही. काय बंद केले, किती वाजता, पडद्यावर काय दिसते आहे, हे पूर्ण वाक्यात सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणायचे. सुरुवातीला पोरे हसली. आता त्यांना त्याचे काही वाटत नाही.

तो जुना अहवाल अजून कोठेतरी फायलीत असेल. तो आता दुरुस्त करता येणार नाही. निदान येथे, आपल्या माणसांसमोर, त्यात राहून गेलेली वाक्ये लिहून ठेवली.